रीलमधला हमिंगबर्ड आणि जंगलातला हमिंगबर्ड : इक्वाडोरमध्ये तो बघायचा कसा, टिपायचा कसा?

दर काही महिन्यांनी एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतो. कुंडीतल्या जास्वंदीसमोर एक इवलासा, चकाकणारा पक्षी फडफडतोय, बाकदार चोच फुलात खुपसतोय आणि खाली ओळ असते, ‘आमच्या बाल्कनीत चक्क हमिंगबर्ड!’

पक्षी खरा, व्हिडिओ खरा, बाल्कनीही खरी. नाव तेवढं चुकलेलं.

महाराष्ट्रात काय, अख्ख्या भारतात हमिंगबर्ड नाही. आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलिया यांपैकी कुठेच तो जंगलात सापडत नाही. जगात हमिंगबर्डच्या सुमारे 360 प्रजाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. वर अलास्का, खाली थेट तिएरा देल फुएगो, एवढा त्यांचा पसारा. बाल्कनीत आलेला पाहुणा म्हणजे आपला शिंजीर, ज्याला सूर्यपक्षीही म्हणतात.

त्यामुळे खरा हमिंगबर्ड बघायचा असेल तर विमानात बसावं लागतं. आता कॅमेरा घेऊन तिकडे जाणारे भारतीय पक्षीप्रेमीही दिसू लागलेत. त्यांच्या यादीत वरच्या क्रमांकावर असतात कोस्टा रिका, कोलंबिया आणि इक्वाडोर. या लेखात आपण इक्वाडोरला जाऊ. तिथे हमिंगबर्ड कसा बघतात, त्याचे ते अफाट फोटो नेमके कसे निघतात आणि त्या फोटोंची किंमत कोण मोजतं, तेही समजून घेऊ.

आधी शिंजीर आणि हमिंगबर्डचा घोळ मिटवू

दोघंही छोटे, दोघांनाही मधुरस लागतो, दोघांच्याही नरांची पिसं उन्हात झळाळतात. पण नात्याने ते एकमेकांचे कोणीच नाहीत. शिंजीर हा चिमणीसारख्या पक्ष्यांच्या गटातला, तर हमिंगबर्डचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या. सारखं खाणं, म्हणून सारखी दिसणारी चोच, इतकंच.

ओळखायची सोपी खूण म्हणजे बसणं. शिंजीर बहुतेक वेळा फांदीला किंवा देठाला धरून रस पितो. कधीतरी क्षणभर हवेत थांबतोही, पण त्याची धाप लगेच दिसते. हमिंगबर्ड मात्र हवेत एका जागी असा थांबतो की जणू कोणी अदृश्य दोरीने टांगलाय. त्याला उलटं, म्हणजे मागच्या दिशेनेही उडता येतं. त्याचे पंख खांद्यापासून फिरतात आणि हवेत आडव्या आठचा आकार काढतात. बाकीच्या पक्ष्यांना वर उचलून धरणारा जोर जवळजवळ सगळा पंख खाली मारताना मिळतो. हमिंगबर्डला त्यातला साधारण पाव भाग पंख वर नेतानाही मिळतो, हे 2005 मध्ये संशोधकांनी मोजून दाखवलं.

संध्याकाळी बागेत फुलांसमोर तरंगणारा आणि हुबेहूब हमिंगबर्ड वाटणारा आणखी एक जीव असतो. तो तर पक्षीच नाही, तो हॉकमॉथ नावाचा पतंग. डोक्यावर मिशा दिसल्या की समजायचं.

जाता जाता एक गंमत. हमिंगबर्ड आज फक्त अमेरिकेत असला तरी त्याच्या गटातल्या पक्ष्याचं 3 कोटी वर्षांपूर्वीचं जीवाश्म जर्मनीत सापडलंय. ते 2004 मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा अभ्यासकांनाही धक्का बसला होता. म्हणजे कधीकाळी हे पक्षी आपल्या बाजूच्या जगातही होते.

इक्वाडोरच का?

इक्वाडोर क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षाही थोडा लहान. पण या एवढ्याशा देशात हमिंगबर्डच्या 130 हून अधिक प्रजाती आहेत. तुलनेसाठी, अख्ख्या युनायटेड स्टेट्समध्ये नियमित वीण करणाऱ्या प्रजाती पंधराच्या आसपास. कोलंबियात संख्या इक्वाडोरपेक्षाही जास्त आहे, पण देश खूप मोठा असल्याने फिरायला दिवस जास्त लागतात.

खरं कारण अँडीज पर्वतात आहे. राजधानी क्वीटो 2,850 मीटर उंचीवर वसलेली आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे क्वीटोच्या विमानतळाबाहेरून शहरात पोचलात की तुम्ही कळसूबाईच्या बाराशे मीटर वर असता. या शहरातून पश्चिमेला घाट उतरायला लागलं की दर काहीशे मीटरला जंगल बदलतं, फुलं बदलतात आणि हमिंगबर्डही बदलतात. आंबोली किंवा महाबळेश्वरच्या पावसाळ्यातलं धुकं डोळ्यासमोर आणा आणि ते वर्षभर तसंच असतं असं समजा. खोडाखोडांवर शेवाळ आणि ऑर्किड. याला मेघारण्य म्हणतात.

क्वीटोहून तासाभरावर पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर यानाकोचा नावाचं राखीव जंगल आहे. उंची साधारण 3,500 मीटर, थंडी कडाक्याची. इथे दिसतो तलवारचोच्या, म्हणजे सोर्ड-बिल्ड हमिंगबर्ड. याची चोच शेपटी वगळता उरलेल्या शरीरापेक्षा लांब असते. चोचीने पिसं साफ करणं त्याला जमत नाही, म्हणून तो पायाने खाजवतो. बसतानाही चोच वर आभाळाकडे करून बसतो, नाहीतर तोल जाईल. त्याची चोच अशी का, तर इथली काही कृष्णकमळाच्या कुळातली फुलं इतकी लांब नळीची आहेत की दुसऱ्या कोणाची चोच तळाशी पोचतच नाही.

तिथून जुन्या रस्त्याने नोनो गावावरून खाली उतरत गेलं की तांदायापा खोरं आणि मग मिंदो लागतं. या रस्त्याला ‘पासेओ देल किंदे’ म्हणतात. किंदे म्हणजे हमिंगबर्ड, केचुआ भाषेतून आलेला शब्द. रस्त्यालाच पक्ष्याचं नाव! मिंदो हे 1,250 मीटरच्या आसपासचं छोटं गाव, क्वीटोपासून सरळ हमरस्त्याने दोनेक तासांवर. इथल्या लॉजच्या ओसरीत साखरपाण्याच्या बाटल्या, म्हणजे फीडर टांगलेले असतात आणि सकाळी सहा वाजता चहाचा कप हातात घेऊन बसलात तर अर्ध्या तासात दहा-बारा प्रजाती सहज मोजता येतात.

त्यातला सगळ्यांचा लाडका बूटेड रॅकेट-टेल. पायात पांढऱ्या कापसाचे मोजे आणि शेपटीच्या टोकाला दोन चकत्या. आपल्याकडच्या भृंगराज कोतवालाची शेपटी ज्यांनी पाहिलीये त्यांना ही रचना ओळखीची वाटेल, फक्त इथे ती अंगठ्याएवढ्या पक्ष्याला आहे. दुसरा व्हायोलेट-टेल्ड सिल्फ, जांभळ्या-निळ्या लांब शेपटीचा. तिसरा पर्पल-थ्रोटेड वुडस्टार, वजन 3 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक रुपयाच्या नाण्यापेक्षा हलका. तो भुंग्यासारखा हळूहळू सरकत येतो आणि मोठ्या हमिंगबर्डांना फसवून रस चोरतो.

हो, मोठे हमिंगबर्ड. फुलासारखे नाजूक वाटणारे हे पक्षी प्रत्यक्षात कमालीचे भांडखोर असतात. एक कोरोनेट जातीचा नर पूर्ण फीडर आपलाच आहे असं मानून येईल त्याला हाकलतो. तुमच्या कानाजवळून एक ‘झूंऽऽ’ असा आवाज जातो, मागोमाग दुसरा. पहिल्या दिवशी बहुतेक लोक दचकून मान खाली घालतात. हमिंगबर्ड दिसण्याआधी ऐकू येतो तो असा.

फोटोत गळा काळा का येतो?

पहिल्या दिवशीचे फोटो रात्री बघताना हा प्रश्न हमखास पडतो. डोळ्यांना तर गळा पेटत्या निखाऱ्यासारखा दिसला होता, फोटोत डांबर फासल्यासारखा काळा.

दोष कॅमेऱ्याचा नाही. हमिंगबर्डच्या झळाळत्या पिसांत तो लाल किंवा जांभळा रंग ‘भरलेला’ नसतो. पिसाच्या आत चपट्या, हवेचे बुडबुडे असलेल्या सूक्ष्म चकत्यांचे थर असतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि ठरावीक रंग उजळून निघतो. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात, तोच प्रकार. गळ्याची पिसं हा प्रकाश सहसा समोरच्या दिशेने परतवतात. पक्ष्याने मान दहा-पंधरा अंश वळवली की रंग गायब.

याचा व्यवहारात अर्थ असा की प्रकाश तुमच्या पाठीमागून यायला हवा आणि पक्षी तुमच्याकडे तोंड करून हवा. ढगाळ हवामान वाईट नाही, उलट मऊ उजेडात रंग जास्त समान दिसतात. भर दुपारचं ऊन टाळा.

साध्या उजेडात फोटो कसा काढायचा?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पक्ष्याच्या मागे कॅमेरा फिरवत राहणं. लहान प्रजातींचे पंख सेकंदाला पन्नास ते ऐंशी वेळा हलतात, पक्षी क्षणात दिशा बदलतो. त्याच्या मागे लागून फक्त रिकाम्या पानांचे फोटो मिळतात.

त्यापेक्षा त्याची सवय बघा. प्रत्येक नराची बसायची एक ठरलेली काडी असते. तो रस पितो, दुसऱ्याला हाकलतो आणि त्याच काडीवर परत येतो. ती काडी शोधायची, तिच्यावर फोकस लावून ठेवायचा आणि थांबायचं. बसलेल्या हमिंगबर्डचा फोटो सेकंदाच्या 1/250 किंवा 1/500 शटर स्पीडलाही छान येतो. बऱ्याच जणांना उडतानाचाच फोटो हवा असतो, पण पिसांचं खरं सौंदर्य बसलेल्या पक्ष्यात दिसतं, हे तिथे दोन दिवस घालवल्यावर पटतं.

उडताना टिपायचा असेल तर फीडरपेक्षा शेजारच्या फुलावर लक्ष द्या. रस पिताना पक्षी दर घोटानंतर किंचित मागे सरकतो आणि पुन्हा पुढे येतो. तो मागे सरकलेला क्षण तुमचा. शटर 1/2000 ते 1/4000, ॲपर्चर लेन्स देईल तेवढं उघडं किंवा एक पायरी कमी, आणि मेघारण्यातल्या अंधुक उजेडात आयएसओ 3200 किंवा 6400 लावायला लाजू नका. थोडा दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला डोळा सुधारता येत नाही. इतकं करूनही पंखांची टोकं थोडी धूसरच येतील. येऊ द्या. तो पक्षी उडतोय हे त्या धूसरपणामुळेच तर कळतं.

लेन्सची फार चिंता नको. फीडरजवळ पक्षी दोन-तीन फुटांवर येतो, त्यामुळे 70-200 किंवा 100-400 मिलिमीटरची लेन्स पुरते. पक्ष्यांसाठी आपण भिगवण किंवा ताडोबाला नेतो ती जाडजूड 600 मिलिमीटर इथे उलट अडचणच करते, कारण बऱ्याचदा पक्षी तिच्या फोकसच्या किमान अंतरापेक्षा जवळ असतो.

आणि फोन? फोनने फोटोपेक्षा व्हिडिओ काढा. साधा व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेमचा असतो, त्यात पंख म्हणजे नुसता धूर. 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला पन्नास फडफडी धरल्या तर, प्रत्येक फडफडीला जेमतेम पाच फ्रेम मिळतात. तेवढ्यातही पंख पुढे-मागे कसा वळतो ते दिसतं. फक्त उजेड भरपूर हवा.

मग इन्स्टाग्रामवरचे ते ‘गोठलेले’ पंख?

काळ्या किंवा गुळगुळीत हिरव्या पार्श्वभूमीवर हमिंगबर्ड, पंखाचं एकेक पीस सुईसारखं स्पष्ट, समोर एकच लालभडक फूल. हे फोटो खरेच आहेत, एआयने बनवलेले नसतील तर. पण ते रानात चालता चालता मिळालेले नसतात.

त्यामागे मांडणी असते. फीडर काही वेळ बाजूला काढून त्याच जागी एक फूल लावतात. फुलात पिचकारीने साखरपाणी भरतात. मागे रंगीत कापड किंवा छापलेला फोटो उभा करतात. आणि चारी बाजूंनी चार ते सहा फ्लॅश, अगदी कमी ताकदीवर. इथे पंख शटर गोठवत नाही. कमी ताकदीवर लावलेला फ्लॅश सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी वेळ चमकतो. बाकी सगळं मुद्दाम अंधारात ठेवलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच क्षणाचं चित्र उमटतं.

हे तंत्र नवं नाही. हॅरल्ड एजर्टन या अमेरिकी अभियंत्याने 1930 च्या दशकातच अतिवेगवान फ्लॅश वापरून हमिंगबर्ड टिपले होते. पुढे क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी ते वेगळ्याच पातळीवर नेलं. हे गृहस्थ ड्यूपाँट या बलाढ्य रसायन कंपनीचे अध्यक्ष, आणि फावल्या वेळेचा उद्योग हमिंगबर्डचे फोटो! 1960 मध्ये आलेलं त्यांचं ‘हमिंगबर्ड्स’ हे पुस्तक अजूनही नावाजलं जातं. पंख नेमके कसे चालतात हे समजायला अशा फोटोंची मोठी मदत झाली.

म्हणजे मांडणी करून फोटो काढणं हा काही गुन्हा नाही. खटकतं ते न सांगणं. असा फोटो ‘मिंदोच्या घनदाट जंगलात अचानक भेट’ म्हणून टाकला की बघणारा तशाच फोटोच्या आशेने तिकडे जातो, तो मिळाला नाही की फांद्या तोडतो, फ्लॅश वाढवतो, पक्ष्याच्या आणखी जवळ सरकतो. खाली एक ओळ लिहिली तरी पुरे : फीडरवर, चार फ्लॅश.

तीन ग्रॅमच्या जिवाचा हिशेब

फोटोच्या नादात पक्ष्याला थोडा त्रास झाला तर बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. त्यासाठी या पक्ष्याचं पोट समजून घ्यावं लागेल.

हवेत एका जागी थांबणं हा प्राणीजगातल्या सगळ्यात खर्चिक कामांपैकी एक प्रकार आहे. हमिंगबर्डचं हृदय मिनिटाला हजारापेक्षा जास्त वेळा धडधडू शकतं. दिवसभरात तो स्वतःच्या वजनाइतका किंवा त्याहून जास्त रस पितो. शिवाय नुसत्या साखरेवर भागत नाही, प्रथिनांसाठी डास, चिलटं, कोळी पकडावे लागतात. एवढं करूनही त्याच्याकडची शिल्लक काही तासांचीच असते. हातावरचं पोट म्हणतात, ते याचंच.

मग रात्र कशी काढतो? अँडीजमध्ये रात्री तापमान गोठणबिंदूच्या जवळ जातं. अशा वेळी कित्येक हमिंगबर्ड शरीराचं ‘इंजिन’ जवळजवळ बंद करतात. या अवस्थेत हृदयाचे ठोके मिनिटाला पन्नासच्या आसपास येऊ शकतात. पेरूमधल्या ब्लॅक मेटलटेल या प्रजातीच्या एका पक्ष्याचं शरीर रात्री सुमारे 3.3 अंश सेल्सिअसपर्यंत थंड झाल्याची नोंद 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. तो मेलेला नव्हता, सकाळी उठून उडून गेला. पण असं ‘उठायला’ वीस मिनिटांपासून तासापर्यंत वेळ लागतो आणि थरथरत अंग गरम करायला उरलीसुरली ऊर्जा खर्च होते.

आता विचार करा. रात्रीच्या जंगलफेरीत कोणाला काडीवर दगडासारखा बसलेला हमिंगबर्ड दिसला आणि सगळ्यांनी टॉर्च रोखून फ्लॅश मारले, तर त्याला अवेळी उठायला लावण्याची जोखीम आपण घेतो. समोर प्यायला काही नाही, सकाळ सहा तास दूर.

म्हणून चांगले स्थानिक गाइड काही गोष्टींवर अडून बसतात. झोपलेल्या पक्ष्यावर प्रकाश नाही. सकाळच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात फीडर हलवायचे नाहीत, कारण रात्रभराचा उपाशी पक्षी तेव्हा आलेला असतो. मांडणीसाठी काढलेला फीडर लगेच परत लावायचा. आणि घरट्याचा फोटो नाही म्हणजे नाही. हमिंगबर्डची मादी एकटीच घरटं बांधते, कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणि शेवाळ वापरून. दोन इवलीशी अंडी, उबवणं आणि भरवणं सगळं तिच्या एकटीवर. आपण दहा मिनिटं घरट्यासमोर उभे राहिलो तर ती दहा मिनिटं बाहेर थांबते. फोटोला मध्ये येणारं पान कापलं तर ऊन आणि शिकारी पक्षी दोन्हींना वाट मिळते.

हातावर फीडर धरून पक्षी बोटावर बसवण्याचे व्हिडिओ तर खूप चालतात. शांत उभं राहिलं आणि पक्षी आपणहून आला तर ठीक, पण हाताला मच्छर पळवायचं मलम लावलेलं नको. ते या पक्ष्यांच्या पायाला, चोचीला लागतं.

फीडर चांगला की वाईट?

‘रानपाखरांना साखरपाणी कशाला पाजायचं?’ हा आक्षेप रास्त आहे. घाणेरड्या फीडरमध्ये बुरशी आणि जंतू वाढतात आणि एकाच बाटलीवर डझनभर पक्षी येत असल्याने रोग पसरतो. पण मिंदोच्या परिसरात या बाटल्यांचा दुसरा परिणामही दिसतो, तो जंगलावर.

आंजेल पास या शेतकऱ्याची गोष्ट इथे नेहमी सांगितली जाते. आधी जंगलतोड आणि शेतीवर पोट. मग त्यांच्या जमिनीत कॉक-ऑफ-द-रॉक या लालभडक पक्ष्याची नाचण्याची जागा आहे हे कळलं आणि ती बघायला पर्यटक पैसे देतात हेही कळलं. पुढे त्यांनी जंगलात लपून राहणाऱ्या लाजाळू अँटपिटा पक्ष्यांना गांडुळं देऊन बाहेर यायची सवय लावली. आज त्यांचं जंगल जगभरातल्या पक्षीप्रेमींच्या यादीत आहे. झाड तोडून एकदाच पैसे मिळतात, उभ्या झाडावर दर सकाळी. हा हिशेब खोऱ्यातल्या बऱ्याच कुटुंबांनी केला.

तरी सगळं सुरळीत आहे असं नाही. या डोंगरांखाली सोनं आणि तांबं आहे. ऑगस्ट 2023 मध्ये क्वीटोच्या मतदारांपुढे प्रश्न ठेवला गेला : चोको आंदिनो, म्हणजे मिंदोसकटच्या या मेघारण्य पट्ट्यात धातूंच्या खाणींवर बंदी घालायची का? दोन तृतीयांशांहून जास्त मतं बंदीच्या बाजूने पडली. त्याआधी 2021 मध्ये उत्तरेकडच्या लोस सेद्रोस जंगलातलं खाणकाम देशाच्या घटनात्मक न्यायालयाने रोखलं होतं. त्यासाठी आधार होता 2008 च्या राज्यघटनेचा, जिच्यात निसर्गालाच हक्क दिलेले आहेत.

दक्षिण इक्वाडोरमधल्या एका उघड्या डोंगररांगेवर तर 2017 मध्ये विज्ञानाला अजिबात माहीत नसलेला हमिंगबर्ड सापडला. निळ्या गळ्याचा हिलस्टार. 2018 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हाच संशोधकांनी सांगितलं की हा अतिसंकटग्रस्त धरावा, कारण एकूण पक्षी 750 पेक्षा जास्त नसावेत आणि त्या भागावर आग, चराई आणि खाणींचं सावट आहे. नाव मिळायच्या आतच धोक्याची पाटी.

क्वीटोचं मानचिन्ह असलेला काळ्या छातीचा पफलेग हा त्याहून जुना दाखला. पायाला पांढऱ्या लोकरीचे गोंडे, म्हणून स्पॅनिशमध्ये ‘सामार्रितो’, म्हणजे घोडेस्वारांच्या लोकरी चोळण्यांवरून पडलेलं नाव. एकोणिसाव्या शतकात पकडलेले याचे कितीतरी नमुने जगातल्या संग्रहालयांत आहेत, रानात मात्र तो अतिशय क्वचित दिसतो. त्याच्यासाठीच यानाकोचाचं जंगल होकोतोको या संस्थेने राखायला घेतलं. तिथे गेलात तरी तो दिसेलच अशी खात्री कोणी गाइड देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध.

त्या काळी हमिंगबर्ड बघणं म्हणजे मेलेला बघणं. युरोपात टोप्यांवर लावायला त्यांच्या कातड्या पेट्याच्या पेट्या भरून जात. जॉन गूल्ड या प्रसिद्ध पक्षीतज्ज्ञाने 1851 मध्ये लंडनमध्ये पेंढा भरलेल्या हमिंगबर्डांचं प्रदर्शन भरवलं, गर्दी लोटली. त्याने स्वतः जिवंत हमिंगबर्ड पहिल्यांदा पाहिला 1857 मध्ये, अमेरिकेत गेल्यावर.

जायचंच ठरवलं तर

भारतातून क्वीटोला थेट विमान नाही. माद्रिद किंवा ॲमस्टरडॅममार्गे जाणं बऱ्यापैकी सोयीचं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. 2024 पासून देशात गुन्हेगारी टोळ्यांमुळे वेळोवेळी आणीबाणी जाहीर झाली आहे. त्यामुळे सुरक्षेच्या सूचना वाचून, ओळखीच्या लॉजकडूनच गाडी ठरवणं शहाणपणाचं. चलन अमेरिकी डॉलर.

एक गोष्ट मात्र अजिबात विसरू नका, पीतज्वराची लस. इक्वाडोर हा या रोगाचा धोका असलेल्या देशांत मोडतो आणि तिथून परतणाऱ्याकडे भारतात उतरताना लसीचं कार्ड मागतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. कार्ड नसेल तर परतल्यावर विलगीकरणात राहावं लागू शकतं. हमिंगबर्डचे फोटो घेऊन आलेला माणूस विमानतळावरच अडकून बसलाय, हे दृश्य टाळलेलं बरं.

क्वीटोत उतरल्या उतरल्या 3,500 मीटरवरच्या यानाकोचाला धावू नका, विरळ हवेने डोकं धरतं. आधी मिंदोच्या बाजूला खाली उतरा, दोन-तीन दिवस तिथे काढा, मग वर या. पश्चिम उतारावर जून ते सप्टेंबर तुलनेने कोरडे महिने, पण दुपारचं धुकं आणि सर कधीही येते. कॅमेऱ्यासाठी साधी शॉवर कॅप, ओल घेणारी सिलिका जेलची पाकिटं आणि दोन जादा बॅटऱ्या सोबत असू द्या.

इतकं लांब जाणं प्रत्येकाला जमणारं नाही. पण न्यू जर्सी, व्हर्जिनिया किंवा जॉर्जियात भाऊ, मुलगी, मावशी असं कोणी राहत असेल तर काम सोपं होतं. अमेरिकेच्या पूर्व भागात रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड घरांच्या अंगणात येतो. हा तीन-चार ग्रॅमचा पक्षी हिवाळ्यात मध्य अमेरिकेत जातो आणि त्यातले बरेच मेक्सिकोच्या आखातावरून न थांबता सुमारे 800 किलोमीटर उडतात. कॅलिफोर्नियात तर ॲनाज हमिंगबर्ड वर्षभर दिसतो.

तिथे अंगणात फीडर लावायचा असेल तर कृती अशी : एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, ढवळून विरघळवा, थंड करा. गूळ नको, मध नको, ब्राउन शुगर नको. लाल रंग तर मुळीच नको, बाटलीचं झाकण लाल असलं तरी पक्षी येतो. उन्हाळ्यात पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि प्रत्येक वेळी बाटली गरम पाण्याने घासून धुवा. न्यू जर्सीत हा फीडर एप्रिलच्या शेवटी बाहेर टांगतात. सप्टेंबर संपता संपता पक्षी दक्षिणेला निघतात, तरी बाटली आणखी दोन आठवडे राहू द्या. उत्तरेकडून उशिरा निघालेला एखादा वाटेत तुमच्याकडे थांबू शकतो.